प्रकल्प नोंदी: एक प्रमोटर, एक संप्रेरक आणि मूत्रपिंडातली सोडियमची वाट

२ जून

नवी वही उघडली. पहिल्याच पानावर प्रश्न लिहून ठेवते, म्हणजे चार महिन्यांनी वाट चुकले तर इथे परत येता येईल: अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक आलं की मूत्रपिंडातली पेशी ईनॅक या सोडियम आत घेणाऱ्या वाहिनीचं अल्फा उपएकक जास्त बनवते. हा हुकूम त्या जनुकाच्या प्रमोटरवर (जनुकाआधीच्या, वाचन ठरवणाऱ्या तुकड्यावर) नेमका कुठे वाचला जातो?

पुढे ही वही ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर मूत्र म्हणून बाहेर पडतो. गाळलेल्या सोडियमपैकी जवळपास दोन तृतीयांश नलिकेच्या पहिल्याच भागात परत घेतलं जातं, साधारण पाव हिस्सा हेन्लेच्या वळशाच्या जाड चढत्या बाजूला. नलिकेच्या शेवटच्या भागापर्यंत, म्हणजे कलेक्टिंग डक्टपर्यंत पोचतात ते शेवटचे काही टक्के. मला रस आहे तो त्यांच्यातच. आधीचे टप्पे ठोक काम करतात, इथे मात्र मोजून-मापून घेतलं जातं. शरीरात किती मीठ ठेवायचं आणि किती सोडायचं, हा हिशोब इथे मिटतो आणि त्याचा परिणाम रक्तदाबावर दिसतो.

इथलं दार म्हणजे ईनॅक. अल्फा, बीटा, गॅमा अशी तीन उपएककं. तिन्ही जनुकं १९९३-९४ मध्ये हाती आली. अल्फा नसेल तर वाहिनी पेशीच्या पृष्ठभागावर नीट पोचतच नाही. १९९६ साली अल्फाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्यांची पिल्लं जन्मल्यापासून ४० तासांच्या आत गेली, कारण फुप्फुसातलं पाणी त्यांना शोषून घेता आलं नाही.

एक गोष्ट मला पहिल्यापासून छळते. उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनने अल्फा वाढतो, बीटा आणि गॅमा फारसे हलत नाहीत. मोठ्या आतड्यात नेमकं उलट: तिथे बीटा-गॅमा वाढतात. संप्रेरक तेच, ते धरणारं प्रथिन म्हणजे रिसेप्टर तोच, जनुकांतली अक्षरंही तीच. मग फरक पडतो कुठे?

५ जून

द्रवनायट्रोजनमधून एमपीके-सीसीडी पेशी काढल्या. ३७ अंशांच्या पाण्यात कुपी धरून बर्फाचा शेवटचा खडा शेंगदाण्याएवढा उरला की बाहेर काढायची, हे मॅडमनी पहिल्या वर्षी शिकवलं होतं. अजून तसंच करते.

या पेशी उंदराच्या मूत्रपिंडाच्या कॉर्टेक्समधल्या कलेक्टिंग डक्टमधून आलेल्या आहेत. त्यांना अमर करण्यासाठी एसव्ही४० विषाणूचं मोठं टी प्रतिजन वापरलंय, आणि ते प्रतिजन चालवायला एल प्रकारच्या पायरुव्हेट कायनेजचा प्रमोटर लावलाय. म्हणजे ज्या पेशींत मी प्रमोटर तपासणार, त्या पेशी जगतायत त्याच मुळी दुसऱ्या एका प्रमोटरच्या जोरावर. हे मनात ठेवायला हवं. तो प्रमोटर ग्लुकोजला प्रतिसाद देतो, तेव्हा माध्यमातलं ग्लुकोज मध्येच बदलायचं नाही.

माध्यमाच्या कृतीचा कागद फ्रीजच्या दारावर चिकटवला आहे. इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम, थायरॉइड संप्रेरक, ईजीएफ वगैरे. सीनियर ताईने बनवून ठेवलेली बाटली वापरली.

११ जून

अल्फाच्या जनुकाचा वरचा तुकडा, साधारण दीड हजार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा), उंदराच्या डीएनएमधून पीसीआरने काढायचा होता. पहिल्या दोन वेळी जेलवर काहीच नाही. तिसऱ्या वेळी पाच टक्के डीएमएसओ घातलं आणि पट्टी आली, स्वच्छ, एकटीच. ती काजव्याच्या ल्युसिफरेजच्या जनुकासमोर बसवायला टाकली आहे.

कल्पना सोपी आहे. प्रमोटर जनुकाच्या आधी बसतो आणि वाचन किती व्हायचं ते ठरवतो. त्याच्यामागचं खरं जनुक काढून तिथे ल्युसिफरेज लावलं, की प्रमोटर जितका जोरात तितका उजेड जास्त. ल्युसिफेरिन, एटीपी, मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन मिळाले की हे प्रथिन पिवळसर हिरवा उजेड देतं, आणि तो यंत्राला मोजता येतो.

१९ जून

सिक्वेन्सिंग आलं. जिवाणूंच्या सहा कॉलनींपैकी चार बरोबर, एकीत एक अक्षर बदललेलं, एक रिकामी. दुसऱ्या क्रमांकाची कॉलनी पुढे न्यायची.

२६ जून

पहिला खरा प्रयोग. २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये पेशी, त्यांत प्लाझ्मिड (आमचा तुकडा बसवलेलं डीएनएचं गोल कडं), दुसऱ्या दिवशी अर्ध्या वेलमध्ये १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन (ग्लुकोकॉर्टिकॉइड गटातलं कृत्रिम स्टेरॉइड), अर्ध्यांत नुसतं इथेनॉल. आज सकाळी मोजलं.

प्रमोटर नसलेलं रिकामं प्लाझ्मिड: जवळजवळ अंधार, अपेक्षेप्रमाणे. आमचा तुकडा: भरपूर उजेड. म्हणजे प्रमोटर काम करतोय. पण डेक्सामेथासोनने काहीच फरक नाही. इथेनॉलच्या वेल १.० धरल्या तर औषधाच्या १.१.

हा प्रमोटर ग्लुकोकॉर्टिकॉइडला प्रतिसाद देतो हे वीस वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. तेव्हा चूक माझ्याकडेच कुठेतरी आहे.

२७ जून

सापडली.

रात्री झोप लागेना तेव्हा सगळा प्रयोग डोक्यात उलट्या दिशेने चालवून पाहिला. मोजणी, पेशी फोडणं, औषध, प्लाझ्मिड, पेशी लावणं, माध्यम. माध्यमापाशी थबकले. सकाळी येऊन फ्रीजच्या दारावरचा कागद वाचला. सेलेनियम, ट्रान्सफेरिन, ग्लुटामिन, आणि पुढची ओळ: डेक्सामेथासोन, ५० नॅनोमोलर.

या पेशींच्या रोजच्या खुराकातच ते असतं. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर निम्मे भरायला साधारण ५ नॅनोमोलर पुरतात. माझ्या पेशी त्याच्या दहापट डेक्सामेथासोनमध्ये आठवडाभर वाढत होत्या. प्रमोटर आधीच पूर्ण उघडा होता. उघड्या दारावर मी टकटक करत बसले होते.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कृतीतला प्रत्येक पदार्थ तुझ्या प्रश्नाशी बोलतो का, हे एकदा स्वतःला विचार. जो बोलतो तो काढ." मग त्यांनी स्वतः पेन घेऊन कागदावरच्या तीन ओळींखाली रेघ ओढली: डेक्सामेथासोन, इन्सुलिन आणि सीरम. इन्सुलिनही एसजीके१ या कायनेजला (इतर प्रथिनांवर फॉस्फेट लावणाऱ्या विकराला) जागं करतं, आणि एसजीके१ ईनॅकच्या गोष्टीत ठिकठिकाणी येतं. सीरममध्ये तर प्राण्याची स्वतःची स्टेरॉइडं असतात.

पुढची पद्धत: मोजणीआधी ४८ तास पेशी साध्या माध्यमात ठेवायच्या, सीरम लागलंच तर कोळशाने गाळलेलं. कोळसा स्टेरॉइडसारखी तेलकट लहान रेणूंची मंडळी धरून ठेवतो.

हे लाल शाईत लिहिते. ज्या प्रयोगाने काहीच दाखवलं नाही तो वाया गेला असं मी मानत नाही. हाच प्रमोटर या पेशींत किती वर जाऊ शकतो, त्याची वरची मर्यादा मला त्याने दिली.

८ जुलै

नवीन पद्धतीने तीन वेळा केलं. आता आधारपातळी खाली आली आहे आणि डेक्सामेथासोनने उजेड पाच ते सहा पट वाढतो. तिन्ही दिवशी.

पण दुसरा एक काटा रुतला. प्रत्येक वेलमध्ये काजव्याच्या ल्युसिफरेजबरोबर मी रेनिला ल्युसिफरेजही घालते. रेनिला हा समुद्राच्या तळाशी राहणारा जीव. त्याचं ल्युसिफरेज वेगळ्या पदार्थावर चालतं, म्हणून एकाच नळीत दोन्ही पाठोपाठ मोजता येतात. त्याचा उपयोग असा, की एखाद्या वेलमध्ये प्लाझ्मिड कमी शिरलं असेल तर रेनिलाही कमी दिसावं आणि भागाकारात तो फरक निघून जावा. यासाठी रेनिला कशालाच प्रतिसाद देत नाही, हे गृहीत धरावं लागतं.

आज भागाकार करण्याआधी कच्चे आकडे शेजारी मांडले. डेक्सामेथासोनच्या वेलमध्ये रेनिलाही सरसकट दीडपटीच्या वर आहे. माझा मापदंडच सरकतोय. म्हणजे खरा प्रतिसाद भागाकारात दिसतो त्याहून मोठा असणार.

१५ जुलै

रेनिलासमोर हर्पिस विषाणूच्या थायमिडिन कायनेजचा प्रमोटर होता. तो साधा, शांत म्हणून निवडतात. इथे शांत राहिला नाही. आता प्रत्येक वेलमधलं एकूण प्रथिन मोजून त्याने भागते, आणि पेशीत प्लाझ्मिड किती शिरलं तेही क्यूपीसीआरने वेगळं मोजते. काम दुप्पट, पण आकड्यांवर विश्वास बसतो. कच्चे आकडे वेगळ्या रकान्यात कायम ठेवायचे असं ठरवलं. भागाकार खूप काही झाकतो.

२४ जुलै

या वहीतला आतापर्यंतचा सगळ्यात आनंदाचा दिवस.

तुकडा वरच्या टोकाकडून कापत आणला होता: दीड हजार बेस, एक हजार, मग आणखी लहान. एका ठरावीक कापापर्यंत प्रतिसाद टिकतो आणि पुढच्या कापाला एकदम जातो. त्या दोन कापांच्या मधल्या पट्ट्यात काय आहे ते अक्षर-अक्षर वाचलं.

ग्लुकोकॉर्टिकॉइडला प्रतिसाद देणाऱ्या जागेला सगळे जीआरई म्हणतात. तिचा आदर्श नमुना असा: ए जी ए ए सी ए, मग तीन कुठलीही अक्षरं, मग टी जी टी टी सी टी. उजवा भाग म्हणजे डाव्याचंच समोरच्या धाग्यावर उलटं वाचलेलं रूप. रिसेप्टर इथे जोडीने बसतो, प्रत्येकजण एका अर्ध्यावर. मधली तीन अक्षरं निरर्थक असली तरी अनावश्यक नाहीत. दोन्ही अर्ध्यांच्या मध्यांमधलं अंतर नऊ बेस, आणि डीएनएचा एक पीळ साडेदहा बेसचा. त्यामुळे दोन्ही अर्धी पिळाच्या जवळजवळ एकाच बाजूला येतात आणि शेजारी-शेजारी बसलेले दोन रिसेप्टर एकमेकांना धरू शकतात. मधली अक्षरं तीनच्या जागी पाच केली तर दोन अर्ध्यांची एकमेकांसापेक्ष जागा बदलेल आणि जोडी नीट जमणार नाही.

आमच्या पट्ट्यात हा नमुना जवळजवळ पूर्ण आहे, आदर्शापासून किंचित ढळलेला. त्यातली दोन अक्षरं बदलली, फक्त दोन. रिसेप्टरची जस्ताने बांधलेली बोटं डीएनएच्या खोबणीत शिरून ज्यांना पकडतात, तीच. बाकी दीड हजार बेसना हात लावला नाही.

आज मोजलं. मूळ तुकडा: सहा पटींच्या वर. बदललेला: १.३. औषध नसतानाची पातळी दोघांची सारखीच.

दीड हजारांत दोन अक्षरं. यंत्राच्या पडद्यावर बघत मी बराच वेळ बसून राहिले.

वर उरलेल्या ०.३ भोवती पेन्सिलने गोल केला आहे.

१ ऑगस्ट

मायकोप्लाझ्माची (पेशींत छुपेपणे वाढणाऱ्या जिवाणूची) तिमाही तपासणी. आमच्या पेशी स्वच्छ. दुसऱ्या गटाच्या एका फ्लास्कमध्ये निघाला, म्हणून इन्क्युबेटर रिकामा करून पुसला. दोन दिवस गेले.

९ ऑगस्ट

आतापर्यंत सोयीसाठी डेक्सामेथासोन वापरलं, पण प्रश्न अल्डोस्टेरॉनचा आहे. आज त्याच्या चार मात्रा: १, १०, १०० आणि १००० नॅनोमोलर.

इथे गुंता असा की पेशीत दोन रिसेप्टर आहेत, मिनरलोकॉर्टिकॉइड आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड. पुढे एमआर आणि जीआर लिहिते. डीएनएला धरणारा त्यांचा भाग इतका सारखा आहे की दोघंही त्याच जीआरईवर बसतात. अल्डोस्टेरॉन एमआरला अगदी थोड्या मात्रेत भरतं, पण मात्रा वाढली की जीआरलाही. त्यामुळे १००० नॅनोमोलरला मिळालेला मोठा प्रतिसाद "अल्डोस्टेरॉनचा" म्हणून मिरवणं चुकीचं ठरलं असतं. रोधकांनी ते स्पष्ट झालं: १० नॅनोमोलरचा प्रतिसाद एमआरच्या रोधकाने, स्पायरोनोलॅक्टोनने जातो, १००० चा मुख्यतः जीआरच्या रोधकाने. शरीरात अल्डोस्टेरॉन एक नॅनोमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतं. यापुढे १० च्या वर जायचं नाही.

उलट बाजूचा गुंता त्याहून सुंदर आहे. एमआर कॉर्टिसॉललाही तितक्याच आवडीने धरतो, आणि रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असतं. मग एमआर कायम कॉर्टिसॉलनेच का भरलेला नसतो? कलेक्टिंग डक्टच्या पेशींत ११-बीटा-एचएसडी२ नावाचं विकर असतं, ते कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोन एमआरवर बसत नाही. ज्येष्ठमधातला एक घटक हे विकर अडवतो. म्हणून ज्येष्ठमधाचा अतिरेक झाला की अल्डोस्टेरॉन न वाढताही रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. प्रमोटरवरची पाटी कोणाला वाचू द्यायची, याचा निकाल डीएनएपासून दूर, पेशीद्रवात लागतो. म्हणून नुसती अक्षरं बघून कुठल्या पेशीत काय होईल ते सांगता येत नाही.

२० ऑगस्ट

प्लाझ्मिडवरून आता पेशीच्या स्वतःच्या जनुकाकडे. पेशी सच्छिद्र पडद्यावर वाढवल्या, वर-खाली दोन्हीकडे माध्यम. रोधमापकाच्या दोन कांड्या बुडवून रोज रोध मोजायचा. तो चढत जाऊन स्थिरावला की थर सलग झाला असं समजायचं. अल्डोस्टेरॉन १० नॅनोमोलर, आणि अर्धा तास, एक, तीन, सहा, २४ तासांनी आरएनए (जनुक वाचून बनलेली प्रत) काढला.

एसजीके१ पहिल्या तासातच उसळतो. अल्फा तेव्हा जागचा हललेलाही नसतो. तीन तासांना चढ दिसतो, सहाला स्पष्ट. दोन्हींची वक्ररेषा एका कागदावर काढली की संप्रेरकाचं काम दोन टप्प्यांत चालतं हे डोळ्यांना दिसतं. आधी एसजीके१ येऊन नेड४-२ ला अडवतं. हे नेड४-२ एरवी पृष्ठभागावरच्या ईनॅकला खूण करून आत ओढून नेत असतं. म्हणजे आहेत ती दारं आधी टिकवायची, मग प्रमोटरवरून नवी मागवायची.

आरएनए वाढला म्हणजे वाचन वाढलं असं मात्र लगेच म्हणता येत नाही. वाचन तेवढंच राहून आरएनए जास्त टिकत असला तरी आकडा वाढेल. म्हणून एका पडद्याला आधी ॲक्टिनोमायसिन डी दिलं, जे वाचनच थांबवतं. अल्फाचा चढ पूर्ण नाहीसा. शिवाय इंट्रॉनमध्ये (आरएनएतून नंतर कातरून टाकल्या जाणाऱ्या भागात) बसणारे प्रायमर वापरून न कातरलेला, ताजा आरएनए मोजला. तोही अल्डोस्टेरॉनने वाढतो, आणि पक्क्या आरएनएच्या थोडा आधी.

ॲक्टिनोमायसिनची नळी उघडताना १९६३ सालचं काम आठवत होतं. एडेलमन आणि सहकाऱ्यांनी भेकाच्या मूत्राशयावर हेच औषध टाकून दाखवलं होतं, की अल्डोस्टेरॉनला सोडियमची ने-आण वाढवायला नवा आरएनए लागतो. तेव्हा एमआरचं जनुक माहीत नव्हतं, ते १९८७ साली हाती आलं. ईनॅक तर त्याहून पुढची गोष्ट. एक पातळ पडदा, दोन औषधं आणि एक विद्युतमापक, एवढ्यावर त्यांनी हुकूम केंद्रकातून जातो हे ओळखलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

२९ ऑगस्ट

आज घोळ झाला, चांगल्या अर्थाने.

तुलनेसाठी एचईके२९३ पेशी घेतल्या. नावात मानवी भ्रूणाचं मूत्रपिंड असलं तरी त्यांच्यात चेतापेशींची लक्षणं दिसतात. कलेक्टिंग डक्टच्या पेशी म्हणून त्यांच्याकडे पाहता येत नाही. त्यांच्यात जीआर अगदी कमी असतो. आमचं प्लाझ्मिड घातलं, डेक्सामेथासोन दिलं: नाममात्र वाढ. जीआर बनवणारं दुसरं प्लाझ्मिड सोबत घातलं: उजेड दहा पटींवर. जीआरई बदललेलं प्लाझ्मिड: पुन्हा सपाट. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे.

मग त्याच पेशींतलं त्यांचं स्वतःचं अल्फाचं जनुक पाहिलं. जीआर भरपूर, डेक्सामेथासोन भरपूर, आणि मानवी जनुकालाही जीआरई आहे. निदान आमच्या फ्लास्कमधल्या पेशींत ते जनुक हललं नाही. सिग्नल उंबरठ्याशीच. दोनदा केलं.

एकाच पेशीत, एकाच वेळी, एकाच रिसेप्टरसमोर प्लाझ्मिडवरचा प्रमोटर ओरडतोय आणि गुणसूत्रावरचा गप्प आहे.

मॅडम म्हणाल्या, "प्लाझ्मिड उघड्यावर असतं, गं. जनुक गुंडाळलेलं असतं." ऐकून माहीत असलेली गोष्ट, पण आज ती माझ्या स्वतःच्या आकड्यांत होती. दोन महिने मी प्रमोटरला बाहेर काढून, मोकळा करून प्रश्न विचारत होते. त्याने दिलेलं उत्तर खरं आहे: जीआरई हवाच. पण तो पुरतो का, हे त्याला विचारून उपयोग नाही. आतड्यात अल्फा का वाढत नाही, हेही प्लाझ्मिड मला कधीच सांगणार नाही.

६ सप्टेंबर

आठवडाभर वाचन. कामाची गोष्ट: डॉट१ए आणि एएफ९.

डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोनवरच्या बहुतेक रासायनिक खुणा त्यांच्या बाहेर लोंबणाऱ्या शेपटांवर असतात. एच३ च्या ७९ व्या लायसिनची जागा वेगळी: ती रिळाच्या पृष्ठभागावर, गोलाकार भागात येते. तिथे मिथाइल गट लावणारं विकर म्हणजे डॉट१, आणि उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशींतलं त्याचं एक रूप डॉट१ए. एएफ९ हे प्रथिन त्याला अल्फाच्या प्रमोटरवर आणून बसवतं. दोघं तिथे असेपर्यंत ७९ वर मिथाइल लागत राहतं आणि जनुक दबलेलं असतं.

अल्डोस्टेरॉन आलं की दोन गोष्टी होतात. डॉट१ए आणि एएफ९ या दोघांचंही उत्पादन घटतं. आणि एसजीके१ एएफ९ ला ४३५ व्या सेरिनवर फॉस्फेट लावतं, त्याने त्यांची पकड सुटते. तेच एसजीके१, जे २० ऑगस्टच्या कागदावर पहिल्या तासात उसळलं होतं! मी त्याला फक्त पृष्ठभागावरचा राखणदार समजत होते. ते प्रमोटरवरचा दाबही सैल करतं.

एक गोष्ट टोचते आणि ती लिहून ठेवते. इतर बहुतेक जनुकांवर एच३-७९ चं मिथाइल हे जनुक चालू असल्याचं लक्षण मानतात. इथे तेच दाबून ठेवणारं. खूण वाचायची ती जागेसकट, असं माझं आज तरी मत आहे.

याने १.३ मधले ते ०.३ उलगडतात का? जीआरई मोडला तरी दाब सुटण्याचा थोडा फायदा प्रमोटरला मिळत असेल. प्लाझ्मिडवरही काही प्रमाणात हिस्टोन बसतात, तेव्हा अशक्य नाही. तपासायला हवं.

१९ सप्टेंबर

चिप, म्हणजे डीएनएवर कुठे कुठलं प्रथिन किंवा खूण आहे ते पाहायची पद्धत. पेशींवर एक टक्का फॉर्मल्डिहाइड बरोबर दहा मिनिटं, म्हणजे प्रथिनं डीएनएवर जिथे आहेत तिथेच शिवली जातात. मग ग्लायसिनने थांबवायचं. पेशी फोडून ध्वनिलहरींनी डीएनएचे तुकडे. पहिल्या खेपेला तुकडे मोठे राहिले, हजारावर. नळ्या बर्फात ठेवून स्पंदनं वाढवली तेव्हा जेलवर २०० ते ५०० च्या मधे छान धुकं आलं. मग ७९ च्या दुहेरी मिथाइलला ओळखणारं प्रतिपिंड रात्रभर, थंड खोलीत, हळू फिरत्या चाकावर.

धाकटी सहकारी पहिल्यांदाच करत होती. प्रतिपिंड धरणारे चुंबकी मणी धुताना नळी चुंबकाला लावून द्रव ओढायचा असतो. तिचा हात थरथरत होता, तरी एकही मणी गेला नाही. तिच्या नळ्यांचे आकडे माझ्यापेक्षा एकसारखे आले आहेत.

निकाल: अल्डोस्टेरॉनशिवाय अल्फाच्या प्रमोटरवर ७९ ची खूण भरपूर. २४ तास अल्डोस्टेरॉननंतर ती निम्म्याहून खाली. शेजारच्या, अल्डोस्टेरॉनला न जुमानणाऱ्या जनुकावर फरक नाही. साध्या प्रतिपिंडाच्या कंट्रोलमध्ये जवळजवळ शून्य. अजून एकदाच झालंय. तीनदा झाल्याशिवाय आकृती काढणार नाही.

२० सप्टेंबर

कालची नळ्यांची पेटी उणे ८० मध्ये, तिसरा कप्पा, निळं झाकण. सकाळी किती वाजता पेशी थांबवल्या ती वेळही झाकणावर लिहिली आहे. अल्फाच्या प्रमोटरवर पर१ नावाचं दिवस-रात्रीच्या घड्याळातलं प्रथिनही काम करतं, आणि ते पर१ अल्डोस्टेरॉननेच वाढतं. एकाच प्रयोगातल्या नळ्या वेगवेगळ्या वेळी थांबवू नयेत.

२७ सप्टेंबर

चिपची दुसरी आणि तिसरी खेप पूर्ण. तिन्ही वेळा तोच उतार.

आज त्या हुकुमाचं शेवटचं टोक पाहिलं: सोडियम खरोखर जास्त जातंय का. सहा पडदे अल्डोस्टेरॉनचे, सहा साधे, सगळे २४ तासांचे. वरच्या आणि खालच्या माध्यमातला विद्युतदाब मोजायचा, रोधाने भागायचं, प्रवाह मिळतो. अल्डोस्टेरॉनच्या पडद्यांत प्रवाह साध्यांच्या दुपटीहून जास्त.

प्रवाह सोडियमचाच, तोही ईनॅकमधूनच, याची खात्री ॲमिलोराइडने होते. ते ईनॅकचं तोंड बाहेरून बुजवतं. वरच्या माध्यमात १० मायक्रोमोलर टाकलं. धाकट्या सहकारीला मी पडद्यासमोर बसवलं होतं आणि पिपेट माझ्या हातात. थेंब पडला, आणि आकडा घसरायला लागला. अर्ध्या मिनिटात शून्याच्या जवळ येऊन टेकला. ती म्हणाली, "ताई, परत करूया?"

दुसरा पडदा घेतला. यावेळी थेंब तिने टाकला.

उरलेलं काम: ०.३ साठी जीआरई मोडलेल्या प्लाझ्मिडबरोबर एएफ९ कमी करणारा आरएनए. तो आज मागवला. आतड्याच्या पेशी शेजारच्या गटाकडून सोमवारी मिळणार आहेत. त्यांच्या माध्यमाची कृती आधी मागून घेतली आणि ओळ-ओळ वाचली. त्यात डेक्सामेथासोन नाही, पण सीरम दहा टक्के आहे.